जयगडची जागल

कोकणात गाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असे. “वाशी? नव्या मुंबईतली?” वाशी नाही हो, वाशीम. अकोल्याच्या खाली, हिंगोलीच्या वर. “म्हणजे घाटावरचे तुम्ही.” कोकणी माणसाच्या लेखी सह्याद्रीपलीकडे जे काही आहे ते सगळं घाटावरच. कोल्हापूर घाटावर आणि वाशीमही घाटावर. जयगडपासून वाशीम सरळ रेषेत मोजलं तरी पाचशे किलोमीटरच्या आसपास भरतं, पण एवढं समजावत बसण्यात अर्थ नव्हता. मी मान डोलवायचो आणि चहा घ्यायचो.

एक गोष्ट मात्र हटकून सांगायचो. वाशीम पाणलोटाच्या माथ्यावर बसलंय. आमच्याच तालुक्यात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला जाऊन पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. उताराच्या दुसऱ्या अंगाला पडलेलं पाणी पैनगंगेत जातं आणि वर्धा, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात पोचतं. “तेव्हा तुमच्या समुद्रात थोडं पाणी आमचंही आहे,” असं म्हटलं की बंदरावरचे खारवी हसायचे. एक म्हणाला होता, “असंल ओ, म्हणूनच कधीकधी गोडं लागतं.”

मी केंद्र सरकारच्या दीपगृह खात्यात लागलो तेव्हा वाशीम हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. कोकण रेल्वे अजून धावायची होती. विजेचं आणि डिझेल इंजिनाचं काम येणारा माणूस खात्याला हवा होता, आणि वावरातल्या पंपाच्या कृपेनं मला दोन्ही थोडंथोडं येत होतं. तोवर पाहिलेलं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे एकबुर्जीचं धरण आणि एकदा सहलीत बघितलेलं लोणारचं सरोवर. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मायला पहिली काळजी लागली ती माशांची. “थ्या समुद्रावर खाशीन काय तू? मासोया खाऊन आला तं मले शिवू नको.” घरात माळ होती, त्यामुळे हे थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. बाबांनी पत्र दोनदा वाचून घेतलं. रात्रभर दिवा ठेवायचा, जहाजं खडकावर जाऊ नयेत म्हणून, एवढं त्यांना समजलं. म्हणाले, “म्हंजे जागलच व्हय थे. वावर तेवढं मोठं.”

जागल ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तूर, हरभरा, ज्वारी उभी असली की रात्री रानडुकरं आणि रोही उतरतात. मग वावरात माळा बांधायचा, कंदील टांगायचा, मधूनमधून डबा बडवायचा आणि उजाडेपर्यंत बसायचं. रात्रभरात एकही डुक्कर फिरकलं नाही तर जागल फुकट गेली असं कुणी म्हणत नाही. ते आलं नाही ते तुम्ही होतात म्हणून, की तसंही येणार नव्हतं, हे मात्र कधीच कळत नाही. पुढे सगळ्या नोकरीत मला सराव झाला तो या न कळण्याचा.

जयगडचं दीपगृह १९३२ सालचं. शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते त्या मुखावर जयगडचा किल्ला, आणि त्याच्या पश्चिमेला उघड्या सड्यावर, समुद्रात घुसलेल्या टोकाला हे दीपगृह. जवळच नांदिवड्याचं कऱ्हाटेश्वराचं देऊळ. दीपगृह म्हटलं की डोळ्यांसमोर दगडी मनोरा येतो. खांदेरीचा तसा आहे, मुंबईच्या दक्षिण टोकाशी खडकावर उभा असलेला १८७५ सालचा प्राँग्ज तसाच. जयगडचा मनोरा ओतीव लोखंडाचा आहे. अशा मनोऱ्याची सोय अशी की त्याचे तुकडे दूर कुठेतरी ओतशाळेत ओतायचे, जहाजानं आणायचे आणि जागेवर नटबोल्टांनी आवळत वर चढवत न्यायचे. गैरसोय काय, ते पुढच्या माणसांच्या वाट्याला येतं. दुपारी आत उकाड्यानं जीव नको होतो, आणि रात्री लोखंड निवायला लागलं की मनोऱ्याच्या पोटात कुठेतरी टक्क असा आवाज येतो. नवीन माणूस पहिले काही दिवस प्रत्येक आवाजाला जिन्यातून खाली डोकावून येतो.

दीपगृहावर काम काय असतं, तर बहुतेक वेळ पुसणं, खरवडणं आणि रंगवणं. दिवा लावायला एक क्षण पुरतो. खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर उभं असलेलं लोखंड म्हणजे गंजाचं माहेर. एका बाजूनं रंग देत दुसऱ्या बाजूला पोचावं तोवर पहिल्या बाजूला पोपडे धरलेले असायचे. आधी हातोडीनं ठोकून गंज पाडायचा, तारेच्या ब्रशनं घासायचं, मग रेड ऑक्साइड, त्यावर रंगाचे हात. पाहुण्यांना वाटतं रंग शोभेसाठी असतो. दिवसा दिवा दिसत नाही, तेव्हा खलाशी दीपगृह ओळखतो ते मनोऱ्याच्या रंगावरून आणि आकारावरून. नकाशाबरोबरच्या पुस्तकात ती खूण छापलेली असते. रंग उडाला तर दिवसापुरतं ते दीपगृह खोटं ठरतं.

वरच्या कंदिलघराच्या काचांवर समुद्राची खार बसते. पावसाळ्यात तर पुसून खाली उतरेपर्यंत पुन्हा धुरकट. भिंगाचं वेगळंच. त्याच्याजवळ जाताना मनगटावरचं घड्याळ, बोटातली अंगठी काढून ठेवायची. आधी मऊ ब्रशनं धूळ झटकायची, कारण कोरडी धूळ कापडानं पुसली की काचेवर ओरखडे उठतात. मग मऊ सुती कापड, आणि शेवटी मऊ चामड्याच्या तुकड्यानं चकाकी. हे मला ज्या वरिष्ठानं शिकवलं त्यानं पहिल्या दिवशी वाती आणि केरोसिनच्या काळातल्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्याला त्या त्याच्या वरिष्ठानं सांगितलेल्या. भिंग फिरवणारं यंत्र भिंतीवरच्या जुन्या घड्याळासारखं वजनावर चालायचं, आणि ते वजन खाली उतरलं की रात्रीतून पुन्हा वर ओढून घ्यायला लागायचं. केरोसिनची वाफ करून जाळणारे दिवे आले, मग वीज आली, दिवा उडाला की आपोआप दुसरा जागेवर सरकणारी यंत्रणा आली, आणि आता एलईडी. प्रत्येक पायरीला माणसाचं एकेक काम कमी झालं. काचा पुसण्याचं काम कुणी कमी केलेलं नाही.

पाहुणे वर आले की त्यांची पहिली निराशा दिव्याची असते. एवढा मनोरा, एवढा जिना, शेवटी एक अरुंद शिडी, आणि आत बघतात तर मुठीत मावेल एवढा दिवा. “हाच?” हाच. सगळी करामत त्याच्याभोवतीच्या काचेत आहे. दिव्याचा प्रकाश चहूकडे जातो. वर गेलेला आभाळाला, खाली गेलेला जमिनीला, दोन्ही वाया. ओगुस्तां फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्यानं हा वाया जाणारा प्रकाश वळवून सगळा क्षितिजाकडे धाडायची युक्ती काढली. एवढं मोठं बहिर्गोल भिंग ओतलं असतं तर त्याचं वजन मनोऱ्याला पेललं नसतं. म्हणून त्यानं भिंगाच्या पोटातली निरुपयोगी काच काढून टाकली आणि फक्त वळणाचे कंगोरे एकावर एक रचले. १८२३ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कोर्दुआं दीपगृहात असं भिंग पहिल्यांदा बसलं. जगभरच्या दीपगृहांतली भिंगं त्याच कुळातली.

दुसरा गैरसमज असा की दिवा लुकलुकतो म्हणजे कुणीतरी बटण दाबतंय. फिरत्या भिंगाच्या दीपगृहात दिवा स्थिर जळत असतो, फिरतं ते भिंग. त्याच्या प्रत्येक मुखातून एक झोत निघतो, आणि तो झोत तुमच्या डोळ्यांवरून गेला की तुम्हाला झाक दिसते. मुखं किती आणि फिरण्याचा वेग किती, यावर त्या दीपगृहाची ओळख ठरते. कुणाची दहा सेकंदांत एक झाक, कुणाची वीस सेकंदांत तीन. शेजारच्या दोन दीपगृहांना सारखी खूण देत नाहीत. डेहराडूनचं जलसर्वेक्षण कार्यालय या खुणांची सूची छापतं, आणि तांडेलांना ती न वाचता पाठ असते. जयगडच्या उत्तरेला अंजनवेलची टोळकेश्वराची बत्ती, दक्षिणेला रत्नागिरीच्या किल्ल्यावरची. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली की या शेजाऱ्यांची झाक क्षितिजामागून उमटायची. तिथल्या माणसांशी आमची फोनवरच ओळख; पण त्यांचा दिवा फिरतोय हे दिसलं की कामावर सोबत असल्यासारखं वाटायचं.

पाहुण्यांतल्या पोरांना मी गणित घालायचो. पृथ्वी गोल असल्यामुळे उंचीच्या वर्गमुळाच्या हिशेबानं क्षितिज लांब जातं: उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ३.५७ नं गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. शंभर मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ३६ किलोमीटरवर. होडीतल्या माणसाचा डोळा पाण्यापासून दोन मीटर, म्हणजे त्याचं क्षितिज पाच किलोमीटर. दोन्हींची बेरीज केली की शंभर मीटरवरचा दिवा त्याला कुठून दिसू लागेल ते कळतं. म्हणूनच दीपगृह सड्याच्या टोकाला, वर मनोरा. पोरांचे आईबाप तोवर फोटो काढत असायचे. पोरं मात्र करायची गणित.

जयगडआधी मी काही काळ खांदेरीवर होतो. ते बेट. बेटावरची नोकरी जमिनीवरच्या नोकरीसारखी नसते. थळच्या किनाऱ्यावरून होडी, आणि होडी समुद्राच्या मर्जीवर. पावसाळा लागायच्या आत तांदूळ, डाळ, पीठ, डिझेल, औषधं सगळं भरून ठेवायचं. नंतर किनारा समोर दिसत राहतो आणि जाता येत नाही. याच बेटाच्या तटबंदीसाठी शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी दोघांना अंगावर घेतलं होतं. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांनी ठाणं मांडलेलं इंग्रजांना परवडणारं नव्हतं. पुढे त्याच इंग्रजांनी १८६७ मध्ये तिथे अष्टकोनी दगडी दीपगृह बांधलं, मुंबईला येणाऱ्या स्वतःच्या जहाजांसाठी. आता त्याला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. ज्या सरखेलानं इंग्रजांच्या जहाजांची झोप उडवली त्याच्या नावाचा दिवा आता सगळ्या देशांच्या जहाजांना वाट दाखवतो, याची मला ड्यूटीवर बसल्याबसल्या मोठी गंमत वाटायची. बेटावर वेताळाचं देऊळ आहे, कोळ्यांची त्याच्यावर फार श्रद्धा. आणि एक शिळा आहे, तिच्यावर दगड आपटला की भांड्यासारखा नाद येतो. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली, त्यात खांदेरी आहे हे नोकरी संपल्यावर वाशीमात बसून वाचलं, आणि मला आधी आठवलं ते तिथलं डिझेलचे पिंप चढवणं.

बाबा गेल्याची तार मला अशाच एका पावसाळ्यात मिळाली. पोचलो तो तिसऱ्या दिवशी. त्याबद्दल एवढंच.

जयगडला कुटुंब आणता आलं. आमच्या घरचं माणूस रिसोडचं. शेजारणीनं तिला सोलकढी शिकवली आणि हिनं त्यांना पातोड्यांचा रस्सा. मासे आमच्या घरात कधी शिजले नाहीत, पण वास दारातून येतो त्याला कोण काय करणार. पोरं जयगडच्या शाळेत गेली आणि वर्षभरात तिथल्यासारखं बोलायला लागली. उन्हाळ्यात गावी गेलो की माय विचारायची, “हे लेकरं बोलतेत काय?”

खात्यातली माणसं ज्या रात्रींबद्दल बोलतात त्या वादळांच्या. माझ्या वाट्याला फयान आलं. नोव्हेंबर २००९. पावसाळा संपला, मासेमारीची बंदी केव्हाच उठली, होड्या लांब गेलेल्या, आणि त्यात ते दक्षिणेकडून किनाऱ्याला धरून वर सरकलं. ११ तारखेला ते अलिबाग आणि मुंबईच्या मधे जमिनीवर चढलं, पण त्याआधी रत्नागिरीचा किनारा त्यानं झोडपून काढला होता. वीज गेली. जनरेटर लावला. मनोरा वाऱ्यात घुमत होता आणि वरच्या काचांवर पाऊस आडवा येत होता. आमचं काम नेहमीचंच होतं: दिवा फिरतोय ना, जनरेटरला डिझेल आहे ना, नोंदवहीत वेळ टाकली ना. बाहेर काय चाललंय हे बघायची सोय नव्हती, कारण दिव्याच्या मागे उभ्या असलेल्याला अंधारात काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी बंदरावर बायका येऊन उभ्या होत्या. जिल्ह्यातले बरेच खलाशी त्या वादळातून परतले नाहीत. कुणी आम्हाला विचारलं, होड्या दिसल्या का? नव्हत्या दिसल्या.

बऱ्याच दिवसांनी एका तांडेलाला मी विचारलं, त्या रात्री तू आत आलास तो कशावर? मला काय ऐकायचं होतं हे उघड होतं. त्यानं ते दिलं नाही. “बत्ती कुठची दिसतेय ओ, पाऊस किती होता.” मग विडी पेटवून म्हणाला, “दोनदा उसवला पाऊस. तेवढ्यात दिसली. तेवढ्यात तोंड फिरवलं होडीचं.” एवढं बोलून तो जाळ्याकडे वळला. रात्रभर फिरलेल्या दिव्यातल्या दोन झाका त्याच्या उपयोगाला आल्या. त्या कोणत्या दोन, हे कळायची सोय नाही, म्हणून सगळ्याच पाडाव्या लागतात. पुढे २०२० मध्ये निसर्ग, २०२१ मध्ये तौक्ते. तोवर इशारे फोनवर आधीच येऊ लागले होते, आणि होड्या वेळेत खाडीत शिरायला शिकल्या होत्या. हा बदल दीपगृहापेक्षा मोठा आहे, हे मी मोकळेपणानं म्हणतो.

त्यामुळे “जीपीएस असताना तुमची गरज काय?” या प्रश्नाचा मला राग येत नाही. तो रोज येतो, आणि विचारणारा बहुधा शहाणा असतो. मोठ्या जहाजाचा कप्तान आज पडद्यावर बघून चालतो, हे खरं आहे. दीपगृहांवरही आता एआयएसचे अँटेना आहेत, जहाजं स्वतःचं नाव, वेग, दिशा रेडिओवर सांगत जातात. १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा आला, त्यात या सगळ्या इलेक्ट्रॉनिक साधनांना जागा आहे. पण जीपीएस आकाशातून येणारा फार क्षीण संदेश आहे आणि तो फसवता येतो. २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळ वीसेक जहाजांच्या पडद्यांवर त्यांची जागा समुद्रात दिसायच्या ऐवजी किनाऱ्यावरच्या एका विमानतळावर दिसत होती. अशा वेळी कप्तान काय करतो? खिडकीतून बाहेर बघतो. तिथे काहीतरी असायला हवं. आणि ज्याच्याकडे पडदाच नाही, किंवा बॅटरी उतरली आहे, अशा लहान होडीवाल्याला तर आमचा दिवा हे एकच असं साधन आहे ज्याला त्याच्या बाजूनं काहीच लागत नाही. डोळे उघडे असले की पुरे.

पैशाचंही तसंच. दीपगृहांचा खर्च बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजांकडून घेतलेल्या दीपगृह करातून चालतो. लहान होड्यांना तो कर नाही. हे ऐकून एक गृहस्थ म्हणाले होते, “म्हणजे आमच्या टॅक्समधून नाही?” नाही. त्यांचा चेहरा जरा उतरला. टीका करायचा हक्क गेल्यासारखं झालं असावं.

लोकांसाठी दीपगृहं पूर्वीही उघडी असत, दुपार उतरल्यावर थोडा वेळ, नाममात्र तिकिटावर. अलीकडे त्याला सरकारी जोर आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या ७५ दीपगृहांवरच्या पर्यटन सुविधांचं लोकार्पण झालं. बागा, बाकं, खाण्यापिण्याची सोय. आमच्या खात्यात यावर दोन मतं होती. जुन्या लोकांना वाटायचं, ड्यूटीच्या जागी जत्रा कशाला? मला तसं वाटत नाही. ज्या कामाचा उपयोग झाला की नाही हे कधीच कळत नाही, ते करणाऱ्याला दुपारी चार माणसं येऊन “हे काय आहे” एवढं विचारतात, हे थोडं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. दीपगृहाचा ‘पॉइंट’ झाला की लोक समुद्र बघायला वर येतात आणि मनोऱ्याकडे पाठ करून उभे राहतात. गॅलरीत जाऊन फोटो, खाली उतरून फोटो, आणि जाताना भिंग राहिलंच. ते बघायला जगातलं कुठलंही संग्रहालय तिकीट लावेल.

एकदा गणपतीपुळ्याला निघालेली कारंज्याच्या बायांची बस वाट वाकडी करून आली. शिडीपाशी मी सवयीनं म्हणून गेलो, “पाय जपून ठेवजा.” एक म्हातारी तिथेच थबकली. “तुमी आपल्याकडचे व्हय का हो?” मग काय, वाशीम, माय कुठली, सोयरीक कुठं, सोयाबीन कसं झालं, मागची रांग खोळंबली. वर आल्यावर तिनं कंदिलघर नीट फिरून पाहिलं. दीपगृह बघायला आलेल्या इतक्या लोकांत हा प्रश्न मला तिनं एकटीनं विचारला: “हा दिवा समुद्राकडंच दिसते म्हणता. गावाकडं कावून नाई?” बरोबर होतं तिचं. बऱ्याच दीपगृहांत जमिनीकडच्या बाजूला प्रकाश अडवलेला असतो, नाहीतर दर काही सेकंदांनी गावातल्या भिंती उजळत राहतील आणि कुणाला झोप लागायची नाही. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, “बरंच हाय मंग.” उतरताना माझ्या हातावर लाह्यांचा चिवडा ठेवून गेली.

आता वाशीमात लोक विचारतात, पुळ्याला चाललोय, तुमचं लाइटहाऊस बघावं का? बघा. पण देवदर्शन, मालगुंडचं केशवसुतांचं स्मारक, जेवण आणि समुद्रस्नान झाल्यावर उरलेल्या अर्ध्या तासात घुसवू नका. उघडायची वेळ आधी विचारून घ्या, पावसाळ्यात शक्यतो टाळा, आणि चप्पल घट्ट असू द्या, वर वारा ओढतो. वर गेलात की उंची किती ते विचारू नका, ती खाली पाटीवर लिहिलेली असते. भिंगाभोवती पडदे असतील. ते का, ते विचारा. दिवसा सूर्य त्याच भिंगातून उलटा आत शिरतो, आणि जी काच दिव्याचा प्रकाश कित्येक कोस नेते तीच उन्हाचा झोत करून आतलं सामान पोळून काढू शकते. ड्यूटीवरच्या माणसाला वेळ असला तर तो पडदा थोडा बाजूला करून दाखवेल. तेव्हा वाकून बघा, पण काचेला हात लावू नका. बोटांचा तेलकट डाग कोरड्या कापडानं जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यावर कुणाचा तरी अर्धा तास मोडतो.